उषाच्या घरची लादी

नवागाम, सुरत
१९ जानेवारी १९९७

ती. वत्सलाआक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र संक्रांतीच्या आधीच मिळाले. उत्तराला उशीर झाला. आमच्याकडे पत्रे लिहिण्याचे काम उषाचे असे, मी फक्त शेवटी सही करत असे. आता सगळे पान मलाच भरायचे असते आणि काय लिहावे ते लवकर सुचत नाही.

आम्ही तिघे ठीक आहोत. कुंदन रिंग रोडच्या मार्केटात साड्यांच्या दुकानी नियमित जातो. योगिता बारावीचा अभ्यास करते. स्वयंपाक ती आणि मी मिळून करतो. वरणाला उषाच्या हातची चव येत नाही, पण आम्ही आता त्याबद्दल बोलत नाही. माझे मिलच्या टाइम ऑफिसातले काम पूर्वीसारखेच चालू आहे.

एक विचारायचे आहे. घराची जमीन नवीन करून घ्यावी असे मनात आहे. सोसायटीत हे घर घेतले तेव्हा नुसता तांबडा कोबा होता, तोच आजपर्यंत चालवला. आता तो स्वयंपाकघराच्या दाराशी खचला आहे. तिथे पाणी साचते आणि जमीन पुसायला घेतली की फडक्याचे धागे भेगांत अडकतात. उषा दर दिवाळीला म्हणायची, "यंदा जमीन करू." मी म्हणायचो, "करू." मग दुसरे काहीतरी निघायचे. यावरून आमचे भांडण कधी झाले नाही. तिने राग धरला असता तर बरे झाले असते असे आता वाटते.

ती भाद्रपदात गेली, म्हणजे येत्या अक्षय्य तृतीयेला, आखाजीला, तिची पितरांतली पहिली घागर भरायची. त्याआधी जमीन व्हावी. त्या दिवशी ती येईल तेव्हा तिच्या मनासारख्या जमिनीवर यावी, एवढीच इच्छा आहे. अडचण अशी की तिच्या मनात कोणती लादी होती हे मला ठाऊक नाही. ती बोलली नसेल, किंवा बोलली असेल आणि मी ऐकले नसेल. घरची घागर झाली की दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे यायची आणि तुम्ही दोघी झोपायचे नाव घेत नसायच्या. तुम्हाला काही बोलली असेल तर कृपया कळवावे. वर्षाच्या आत घरात असे काम काढलेले चालते का, तेही कळवावे.

हिलालभाऊंना नमस्कार.

आपला,
हेमराज


अमळनेर
२ फेब्रुवारी १९९७

हेमराजभाऊ यांस अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणतात कसे, "म्हणजे आपल्या साडूला बोलता येतं तर!" इतकी वर्षं तुम्ही आमच्या ओट्यावर यायचे, चहा प्यायचे, "बरं आहे" म्हणायचे आणि पेपर वाचत बसायचे. उषी म्हणायची, "आक्का, मना घरमा मीच रेडिओ शे."

आधी तुमच्या शंकेचं सांगते. घरातलं माणूस गेल्यावर वर्षाच्या आत जमीन खोदू नये, कुदळ लावू नये, असं आपल्याकडे पाळतात. पण वरून घालायला कुणी ना म्हटलेलं नाही. कोबा आहे तसा राहू द्या आणि लादी त्याच्यावर बसवा. रीतही राहील आणि कामही होईल.

आता लादीचं. त्यात विचारायचं काय? उषीला पांढरा संगमरवर हवा होता. गेल्या आखाजीला ती आली होती तेव्हा इथल्या एका शेठजींच्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला आम्ही दोघी गेलो होतो. दारातून आत पाय टाकला तर खाली दुधाची साय पसरावी तशी जमीन. बायका पुढे जाऊन जेवून हात धुऊन आल्या तरी आम्ही आपल्या तिथेच उभ्या. शेठाणी म्हणाली, "अहो, बसा ना." आता त्या लादीवर बसायचं कसं, लुगड्याचा डाग पडला म्हणजे? बाहेर आल्यावर दोघी इतक्या हसलो की मला रस्त्यात थांबून पोट धरावं लागलं.

सुरतेत तर म्हणे घरोघरी संगमरवर. तुम्हीही घाला. बहीण म्हणून सांगते, तिच्या मनात तोच होता.

योगीला म्हणावं, वरणात हिंग आधी टाक, मग मोहरी नको, जिरं.

तुमची,
आक्का


नवागाम, सुरत
२३ फेब्रुवारी १९९७

ती. वत्सलाआक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

वरणात जिरे घातले. फरक पडला.

तुमच्या पत्राप्रमाणे गेल्या दोन रविवारी आम्ही तिघे उधना रस्त्यावरच्या लादीच्या दुकानांत जाऊन आलो. इतक्या प्रकारच्या जमिनी असतात हे मला माहीत नव्हते. माणूस आयुष्यभर खाली बघून चालतो पण बघत नाही.

शहाबादी लादी, आपल्याकडे असते ती काळसर, इथे दुकानदार दाखवायलाही तयार नव्हता. मोझेकची लादी पाहिली. सिमेंटमध्ये दगडाचे बारीक खडे घालून ती करतात आणि बसवल्यावर घासून गुळगुळीत करतात. मजबूत असते. परंतु आमच्या ऑफिसात तीच आहे. घरी आल्यावरही हजेरी लावावीशी वाटेल, म्हणून ती नको म्हटले.

कुंदनला चकचकीत टाइल्स आवडल्या. वर निळी फुले होती. "बाबा, ह्या एका दिवसात बसतात, घासायला नको, काही नको. माझ्या शेठच्या घरी ह्याच आहेत." योगिताने दुकानदाराच्या माठातले पाणी त्या टाइलवर ओतले, चप्पल काढली आणि त्यावर उभी राहिली. तिचा पाय सरकला आणि तिने कुंदनची कॉलर धरली. ती म्हणाली, "शेठच्या घरी कपडे मशीनमध्ये धुतात. आपल्याकडे मोरीतून बादली घेऊन मी येते."

मग संगमरवर पाहिला. तो खरोखरच सुंदर आहे. मी दुकानदाराला विचारले की हळद सांडली तर काय होते. तो हसून म्हणाला, "काका, मार्बल तो मार्बल छे. हळदर, लिंबू, थोडुं संभाळवुं पडे." योगिता म्हणाली, "मग स्वयंपाक काय शेजारी करायचा?"

बाहेर आल्यावर मी तिला तुमच्या पत्रातले सांगितले, की आईला पांढरा संगमरवर हवा होता. आक्का, रागावू नका, ती जे बोलली ते तसेच लिहितो. ती म्हणाली, "बाबा, तो मावशीला हवा होता. आई घरी येऊन आम्हाला सांगून हसत होती, की आक्का त्या लादीवर पाय ठेवायला घाबरत होती आणि वरून तशीच घ्यायची म्हणत होती. आई म्हणाली, त्या जमिनीवर एक केस पडला तरी दिसेल, दिवसभर मी केसच वेचत बसू का?"

मग आईला काय हवे होते, असे मी विचारले. तिने उधना स्टेशनची आठवण करून दिली. तुमच्याकडे येताना भुसावळ पॅसेंजर उशिरा होती आणि आम्ही प्रतीक्षालयात बसलो होतो. तिथे कोटा लादी आहे, हिरवट निळ्या दगडाची. उषाने चप्पल काढून दोन्ही तळपाय त्या दगडावर ठेवले आणि म्हणाली, "ह्या लादीवर गुडघा बोलत नाही हो." ते मलाही आठवले. गाडीच्या उशिराची ती कुरकुर करते आहे असे समजून मी उठून चौकशीच्या खिडकीवर गेलो होतो.

तरी कोटा घालावा असे आमचे ठरत आहे. तो थंड असतो, ओल्या पायाला धरतो, डागाची फार भीती नाही. परंतु तुम्ही मोठ्या. तुमची हरकत असेल तर थांबतो.

आपला,
हेमराज


अमळनेर
३ मार्च १९९७

हेमराजभाऊ,

कार्डावर लिहिते, जागा थोडी आहे आणि राग मोठा आहे. योगीला म्हणावं, मावशीची चुगली करतेस, आखाजीच्या सांजोऱ्या मिळायच्या नाहीत.

असेल बाई, मलाच हवा असेल. दोघींच्या बोलण्यात कोण काय बोललं हे तेव्हाच कळत नसे, आता कुठून निवडून सांगू? केसांचं मात्र अगदी तिचंच आहे. वाचलं आणि तिचा आवाज ऐकू आला.

कोटा घाला. माझी हरकत नाही. फक्त देव्हाऱ्याखाली एक पांढरा तुकडा बसवा, माझ्या नावाने. तिथे कुणी पाय ठेवणार नाही की केस गळणार नाहीत. आणि खोदू नका, वरूनच घाला, हे विसरू नका.

आक्का


नवागाम, सुरत
६ एप्रिल १९९७

ती. वत्सलाआक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

लादीचे काम झाले. योगिताची परीक्षा संपल्यावर सुरुवात केली. गवंडी सुकलाल म्हणून आहे, त्याने मनापासून केले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे कोब्याला हात लावला नाही. त्यावरच वाळू-सिमेंटचा थर टाकून लाद्या बसवल्या. सुकलाल प्रत्येक लादी टाकली की लाकडी हातोडीने ठोकून कान देत असे. पोकळ आवाज आला तर काढून पुन्हा बसवत असे. लाद्या एकसारख्या नाहीत. काही हिरव्या, काही निळसर, एक-दोन तपकिरी. त्या नीट जुळवून बसव म्हणून मी सांगणार होतो, पण योगिता म्हणाली, असू दे, आईच्या गोधडीसारखे दिसते.

नंतर घासायचे मशीन आले. त्याचे वर्णन करता येणार नाही. सगळ्या घरात राखाडी चिखल झाला होता. कुंदनचे नवे शर्ट, पंचांग, चहाची गाळणी, सगळ्यावर त्याचे ठिपके होते. आम्ही त्या दिवसांत गच्चीवर झोपलो. शेजारच्या भागीरथीबाईंनी जेवणाचे डबे दिले.

पहिली घासणी झाली आहे. शेवटचा हात, ज्याने दगडाला चमक येते आणि त्याची छिद्रे बुजतात, तो अजून राहिला आहे. दगड आणि सांधे पुरते सुकू द्यावेत असे सुकलालचे म्हणणे आहे. तो हात आखाजीनंतर मारायचा. तोपर्यंत लादी थोडी खरबरीत आहे पण पायाला बरी वाटते.

जमीन वर आल्यामुळे दारे खालून थोडी कापावी लागली. बाहेरचा ओटाही तेवढाच उचलून घेतला आहे. आता आतबाहेर एका पातळीत झाले. दारात ठेच लागत नाही. देव्हाऱ्याखाली पांढरा तुकडा बसवला आहे. योगिता त्याला मावशीचा बंगला म्हणते.

आखाजीला तुम्ही आणि हिलालभाऊ इकडेच यावे. उषाची घागर तुमच्यासमोर भरली जाईल.

आपला,
हेमराज


अमळनेर
१४ एप्रिल १९९७

हेमराजभाऊ,

पत्र वाचून आधी खूश झाले. मावशीचा बंगला वाचून ह्यांनाही हसू आलं. मग पत्र घडी घालून ठेवलं, कणीक मळायला बसले आणि मळता मळता अंगावर काटा आला. पिठाच्या हाताने पत्र पुन्हा काढून वाचलं.

आतबाहेर एका पातळीत म्हणजे काय? मग उंबरठा कुठे गेला?

अहो भाऊ, आखाजीला आपण काय करतो? सकाळी उंबरठा धुतो, घरचा कर्ता पुरुष अंघोळ करून उंबरठ्याशी बसतो, एकेका पितराचं नाव घेतो आणि कुंकवाचं एकेक बोट उंबरठ्यावर लावतो. मग घागर, मग विस्तवावर घास टाकून आगारी. तुम्ही दरवर्षी हे करत आला आहात. उषी वाटी धरायची आणि तुम्ही बोट लावायचे. हे माहेरी नाही, तुमच्याच घरी व्हायचं.

आमची आजी सांगायची, पितर उंबरठ्यापर्यंतच येतात. आत येत नाहीत, आत जित्या माणसांचं घर. उंबरठा ही त्यांची बसायची जागा. तिथे बसून ते घर बघतात, लेकरं बघतात, पाणी पितात आणि जातात. तुमचे आईवडील इतकी वर्षं तिथे येऊन बसत होते. आता उषीचं पहिलं वर्ष. ती येईल आणि बसायला जागाच नाही! घर आपलं की शेजारचं म्हणून तिने सोसायटीतून फिरत राहायचं का?

हा सुकलाल कोण, कुठला? परमुलखातला दिसतो. आपल्याकडचा असता तर त्याने असं होऊ दिलं नसतं. आणि मी तरी काय, मीच म्हटलं ना, वरून घाला! मला काय ठाऊक, तुम्ही उंबरठ्याच्याही वरून घालाल.

काहीतरी करा. मला झोप नाही.

आक्का


नवागाम, सुरत
२१ एप्रिल १९९७

ती. वत्सलाआक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

सुकलाल परमुलखातला नाही. शिंदखेड्याकडचा, आपलाच माणूस आहे. त्याला दोष देऊ नका. त्याने मला दोनदा विचारले. पहिल्यांदा म्हणाला, "भाऊ, जमीन अडीच इंच वर येईल, उंबरठा दबेल. त्याच्यावर नवीन पट्टी बसवू ना?" मी नको म्हटले. दुसऱ्या दिवशी दारापाशी काम आले तेव्हा हातातली लादी खाली ठेवून तो पुन्हा म्हणाला, "भाऊ, आखाजीला काय करशात?" मी म्हटले, तू लादी बसव.

तेव्हा आखाजी माझ्या डोक्यात नव्हती असे नाही. घागरीची होती, बोटांची नव्हती. बोट कुठे लावायचे ते दरवर्षी उषा दाखवायची. तिच्याकडे बघून मी लावत असे.

मी नको का म्हटले ते मागच्या पत्रात लिहिले नाही. लिहिण्यासारखे वाटले नाही. आता लिहितो.

शेवटची तीन-चार वर्षे तिचा उजवा गुडघा वाकत नव्हता. तुम्हाला ते एवढे माहीत नसेल, माहेरी ती सांगत नसे. घरात येताना ती उंबरठ्यापाशी थांबायची. हातातली पिशवी आधी आत ठेवायची, मग चौकट धरायची, मग पाय उचलायची. दिवसातून कितीतरी वेळा. दळण आणताना, दूध घेताना, भागीरथीबाईंकडे जाऊन येताना. मी खुर्चीत बसून पाहत असे. आपला उंबरठा काही फार उंच नव्हता, आणि मला इतकेच वाटत असे की ती दारात उगीच वेळ लावते.

सुकलालने लादी खाली ठेवून विचारले तेव्हा मला ती चौकट धरून उभी दिसली. म्हणून म्हटले, सरळ करून टाक. आता पाय उचलायला ती नाही हे मला माहीत होते. तरी म्हटले.

आक्का, तुमचे म्हणणे बरोबर आहे. माझ्या हातून पितरांची जागा गेली. तुम्ही म्हणाल तर लादी फोडून उंबरठा मोकळा करतो. पण त्याला छिन्नी लावावी लागेल, आणि वर्षाच्या आत खोदू नये असेही तुम्हीच लिहिले आहे. काय करावे ते मला समजत नाही. तुम्ही सांगाल तसे करीन.

हेमराज


अमळनेर
२९ एप्रिल १९९७

हेमराजभाऊ,

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवू शकले नाही. त्यांनीच वाचलं, तेही डोळ्याला भिंग लावून. वाचून झाल्यावर म्हणाले, "फोडायचं नाही. त्यांना लिही, फोडायचं नाही."

गुडघ्याचं मला माहीत नव्हतं. इथे आली की झोक्यावर बसायची आणि मला म्हणायची, "तू ढकल, मी पाव्हणी शे." मला वाटायचं लाडात आली आहे.

आता ऐका. उंबरठा गेलेला नाही, लादीखाली आहे. कोब्यासकट तसाच आहे. आपल्या लोकांना तो कुठे होता हे ठाऊक आहे, मग पितरांना नसेल का? त्या जागी, चौकटीच्या मधोमध, लादी धुऊन घ्या आणि तिथेच बोटं लावा. वर्ष सरलं की वाटल्यास लाकडी पट्टी बसवून घ्या. न बसवली तरी मी काही बोलणार नाही.

आम्हाला यायला जमत नाही. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आखाजीच्याच आठवड्यात ठरलं आहे. सांजोऱ्या गाडीने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. योगीलाही द्या, मी रागावले नव्हते.

कसं झालं ते सविस्तर लिहा. "ठीक झाले" एवढंच लिहाल तर याद राखा.

आक्का


नवागाम, सुरत
१३ मे १९९७

ती. वत्सलाआक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

हिलालभाऊंच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल. त्यांना सांगा, पेपर एवढ्यात वाचू नका. सांजोऱ्या पोचल्या. डब्यावर तुम्ही योगिताचे नाव लिहिले होते, त्यामुळे तिने आम्हाला मोजूनच दिल्या.

आखाजी झाली. सविस्तर लिहितो.

सकाळी योगिताने दारातली लादी धुतली. मी अंघोळ करून चौकटीपाशी बसलो. उंबरठा नक्की कुठे होता याबद्दल मला थोडी शंका होती, पण बसल्यावर कळले. चौकटीच्या लाकडावर आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, एक जागा गुळगुळीत झाली आहे. उषा तिथेच हात ठेवायची. त्याच्या सरळ खाली उंबरठा.

कुंकवाची वाटी यंदा योगिताने धरली. मी वडिलांचे नाव घेतले आणि बोट लावले. मग आईचे, मग आजोबांचे. ही नावे सवयीने आली. उषाचे नाव घ्यायला थोडा वेळ लागला. आजवर मी तिला नावाने फारशी हाक मारलेली नाही, "अगं" म्हटले की ती यायची. कुंदन मागे उभा होता. मी नाव घेतले आणि तिचे बोट सगळ्यांच्या शेवटी, उजवीकडे लावले. कुंकू ओले होते, माझा हातही ओला होता, त्यामुळे ते जरा मोठे उमटले.

मग आतमध्ये देव्हाऱ्याजवळ घागर भरली. वर डांगर, म्हणजे इथले खरबूज, आणि दोन आंबे ठेवले. लादीला झळ लागू नये म्हणून भागीरथीबाईंनी गोवऱ्यांचा विस्तव लोखंडी घमेल्यात काढून दिला होता. आगारीचे ताट बाहेर ओट्यावर राहिले होते ते आणायला योगिता गेली. दोन्ही हातांत ताट, वर पुरणपोळी, तूप, नजर सगळी तुपाच्या वाटीवर. आमच्या घरी दारातून येताना पाय उचलायची सगळ्यांना सवय आहे, पण आता उचलायला काही नाही. ती सरळ चालत आली आणि तिचा पाय त्या शेवटच्या बोटावर पडला.

उंबरठा असता तर असे कधीच झाले नसते. उंबरठ्यावर कोणी पाय ठेवत नाही.

तिला ते कळलेच नाही. ती तशीच आत आली आणि ताट घागरीपुढे ठेवले. वळली तेव्हा तिला दिसले. दारापासून आतपर्यंत टाचेचे तांबडे डाग होते. पहिला ठळक, पुढचे फिके होत गेलेले, घागरीच्या अलीकडे संपलेले. लादीला शेवटचा हात मारलेला नाही, त्यामुळे कुंकू दगडात लगेच मुरले. योगिता रडवेली झाली. म्हणाली, "बाबा, मी आईवर पाय दिला." भागीरथीबाईंनी फडके आणायला म्हणून मोरीकडे पाहिले.

तेव्हा कुंदन म्हणाला, "बाबा, आईने चौकट धरली नाही."

एवढेच म्हणाला आणि घागरीशी जाऊन बसला. मग योगिताही बसली. मी आगारी टाकली. धूर चांगला झाला. आम्ही नव्या लादीवरच पाने मांडली आणि खाली बसून जेवलो. भागीरथीबाईंनाही बसवले. आमरस जास्त झाला होता, तोही संपला. जेवण झाल्यावर कुंदन तिथेच उघड्या लादीवर आडवा झाला आणि दिवे लागेपर्यंत झोपला. खूप दिवसांनी घरात बरे वाटले.

तुमच्या आजींच्या सांगण्याप्रमाणे पितर उंबरठ्याच्या आत येत नाहीत. हे जे झाले ते रीतीत बसते की नाही, ते तुम्ही कळवावे. बसत नसेल तर पुढच्या वर्षी पट्टी बसवू. यंदाचे झाले ते झाले.

काल सुकलाल येऊन गेला. मशीन मोकळे आहे म्हणाला. त्याने दारापासून आतपर्यंत ते डाग पाहिले, वाकून बोट फिरवून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, काही काळजी नको. शेवटचा हात मारला की सगळं निघून जाईल. करून टाकू का?"

मी म्हटले, करू. दिवाळीला करू.

आपला,
हेमराज